खडपाची खूण

लवूचं पत्र आलं त्याला तीन वर्षं उलटून गेली. निळं आंतर्देशीय पत्र होतं. अक्षर त्याच्या मुलीचं, अपेक्षाचं, आणि शब्द लवूचे. मी ते शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं, कारण तो खंड मला क्वचितच लागतो.

"मास्तरांनू, नमस्कार. फोनार तुमी हां हां म्हणतास आणि ठेवतास, म्हणान कागद लिवन घेतंय. आपल्या खडपार पर्यटकांच्यो होड्यो लागतत. दिसाक दहा-बारा. खूण कोणीतरी सांगल्यान. माका वाटता महादून सांगल्यान. तो नाय म्हणता. आमच्या घराभायर ही खूण तुमका एकट्याक म्हायत. तुमी शिकलेले, माणसा वळाखतास. महादू खोटा बोलता काय, तुमका काय वाटता ता कळवा."

उत्तर एका ओळीचं होतं. महादू, लवूचा पुतण्या, खरं बोलत होता. हे मला पत्र वाचतानाच माहीत होतं, कारण ती खूण मी सांगितली होती.

मी कट्टा गावाजवळच्या एका लहानशा वाचनालयात बत्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. शिकवलं कधीच नाही, पण पुस्तकांत वावरणाऱ्या माणसाला काहीतरी म्हणायला हवं म्हणून लोक मास्तर म्हणत. आठवड्याच्या बाजाराला देवबागहून सुभद्रा सुकी मासळी विकायला यायची आणि वाचनालयासमोरच्या रस्त्याच्या कडेला बसायची. तिचा नवरा लवू टोपल्या उतरवून देऊन आमच्या पायरीवर विडी ओढत तिची वाट बघायचा. एकदा मी त्याला आत बोलावलं आणि माशांच्या चित्रांचं पुस्तक दाखवलं. त्याने पानं सावकाश उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवलं.

"हो रंग मेल्या माशाचो," तो म्हणाला. "जितो आसताना ह्याच्या अंगार निळी रेघ आसता. चित्र काढणाऱ्यान मासो बाजारात बघल्यान."

पुस्तकातली चूक दाखवणारा माणूस वाचनालयात पहिल्यांदाच आला होता. मी म्हटलं, "मी तर जिवंत मासा बघितलेलाच नाही."

"मगे येवा. दाखवतंय."

मला पोहता येत नाही. समुद्र इतका जवळ असून मी आयुष्यभर त्याच्याकडे पाठ करूनच वाचत बसलो. तरीही गेलो. लवूची होडी लहान, वल्ह्याची. देवबागच्या किनाऱ्यावरून निघून बराच वेळ वल्हवल्यावर तो थांबला, किनाऱ्याकडे बघितलं, दोन वल्ही मारून होडी मागे घेतली, पुन्हा बघितलं. मग दगड बांधलेली दोरी खडपाच्या, म्हणजे पाण्याखालच्या खडकाच्या, बाजूच्या वाळूत हळूच सोडली. दगड टेकेपर्यंत दोरी हातातून निसटू दिली नाही.

त्याच्याकडे एक लाकडी पेटी होती, तळाला काच बसवलेली. ती पाण्यावर टेकवून आत बघायचं. मी बघितलं आणि कितीतरी वेळ डोकं वर काढलं नाही.

खाली बुडालेला खडक होता आणि त्याच्यावर प्रवाळ. मेंदूसारख्या वळ्या असलेले गोल तपकिरी ढीग, कोबीच्या पानांसारखे पसरलेले पापुद्रे, मधल्या फटींत काळ्या काट्यांचे गोळे. एका कपारीतून शेवंडाच्या दोन लांब मिशा बाहेर आल्या होत्या आणि संथ हलत होत्या. पोपटासारख्या चोचीचा एक हिरवा मासा प्रवाळ कुरतडत होता. लवू म्हणाला, पेटीला कान लावा, चावलेला ऐकू येता. मी कान लावला. ऐकू आलं की मीच तसं ठरवलं, हे आजही सांगता येणार नाही.

"ही झाडं कसली?" मी विचारलं.

"झाडा न्हय ती. जनावर. तुमचा पुस्तक काय म्हणता?"

"पुस्तकही तेच म्हणतं."

"मगे पुस्तक तसा बरा आसा."

परतण्याआधी त्याने मला हात पाण्यात बुडवायला सांगितलं. त्याच्या घरात ही रीत होती. खडपाची खूण सांगायची ती समुद्रातच, ऐकणाऱ्याचा हात पाण्यात असताना. जमिनीवर ती कोणी उच्चारत नसे. समुद्रात रस्ता नाही, पाटी नाही. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकामागे एक आल्या की एक रेघ मिळते, दुसऱ्या दोन वस्तूंनी दुसरी रेघ, आणि जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे खाली खडप. त्या चार वस्तू कोणत्या ते मी इथे लिहीत नाही. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी लिहीत नाही.

"माज्या बापाशीन माका सांगल्यान," लवू म्हणाला. "मी महादूक सांगलंय, पुतणो माझो. भाऊ गेल्यापासून मीच तेका वाढवलंय. अपेक्षाक सांगलंय. तुमका सांगतंय, कारण तुमी हयसर गळ टाकूक येवचास नाय." आणि हसला. "वल्ह्याचा खंयचा टोक पाण्यात जाता ता पण तुमका म्हायत नाय."

घरी आल्यावर मी सगळं वहीत उतरवलं. खूणसुद्धा. जमिनीवर बोलायचं नाही एवढंच त्याने सांगितलं होतं, लिहायचं नाही असं नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढे वाचनालयाला पन्नास वर्षं झाली आणि स्मरणिका निघाली. तीत ग्रंथपालाचा लेख हवा असं अध्यक्षांनी ठरवलं. मी जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं जपत आलो, स्वतःचं छापून यावं असं काही आपल्याजवळ नाही याची मला खात्री होती. एक लवूचं खडप सोडून. मी त्याच्यावर सात पानं लिहिली. त्या दोन रेघांचं वर्णन मला फारच जमल्यासारखं वाटलं. ते काढावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा मी स्वतःला म्हटलं, तुझं कोण वाचणार आहे?

तीनशे प्रती छापल्या. जाहिरातदार आणि पाहुणे घेऊन गेले, उरलेल्या दीडशे कपाटात राहिल्या. लेखाबद्दल एका माणसानेही चकार शब्द काढला नाही. लवूला मी प्रत दिली नाही. त्याला वाचता येत नव्हतं हे खरं, पण अपेक्षाला येत होतं, म्हणून दिली नाही.

जवळजवळ वर्षाने एक तरुण वाचनालयात आला. चंदन त्याचं नाव. मालवणात त्याने नुकतीच एक यांत्रिक होडी घेतली होती. पर्यटकांना पाण्याखालचं दाखवण्याचा धंदा तेव्हा जोरात सुरू झाला होता.

"मास्तरांनू, तुमचो लेख वाचलंय," तो म्हणाला. "दोनदा वाचलंय. शाळेत असा कोण शिकवणारो आसतो तर मी दहावीक गटांगळी खाल्लंय नसतंय."

मला पहिला वाचक भेटला होता. मी त्याला बसवलं, चहा मागवला. तो खरोखर वाचून आला होता, वाक्यं त्याला आठवत होती. मग म्हणाला, "ती दुसरी रेघ नीट समाजली नाय. माडाच्या उजवीकडसून की डावीकडसून?"

मी उठलो, कपाटातून वही काढली आणि त्याला नीट समजावून दिलं. कागदावर आकृतीसुद्धा काढून दिली. तो गेल्यावर बराच वेळ मला फार बरं वाटत होतं.

म्हणजे नुसतं लिहिण्याची चूक नव्हती ती. जमिनीवर, चहा पिता पिता, मी तोंडाने सांगितलं होतं.

त्या मोसमात चंदनची होडी खडपावर गेली. दुसऱ्या वर्षी तिच्या मागून इतर गेल्या. एकाने जागा बघितली की दहा जण बघतात. लवूला वाटलं महादूने सांगितलं, कारण महादू त्याच वर्षी मासेमारी सोडून पर्यटकांच्या होडीवर कामाला लागला होता. मग ते पत्र आलं.

मी उत्तरं लिहिली नाहीत असं नाही. पहिलं नऊ पानांचं झालं. कबुली सातव्या पानावर होती आणि तिच्या आधी सगळी कारणं. दुसऱ्यात मी महादूची बाजू इतकी सांभाळून मांडली की खरा दोषी कोण ते कळतच नव्हतं. तिसऱ्याच्या वेळी मला एक लेख वाचायला मिळाला. त्यात म्हटलं होतं की पाणी तापल्यामुळेही प्रवाळ पांढरं पडून मरतं, जगभर. मी त्या लेखाला धरून बसलो. ते खोटं नव्हतं. पण लवूने मला पाणी का तापतं हे विचारलं नव्हतं. पुतण्या खोटं बोलतो का, एवढंच विचारलं होतं.

मग पावसाळा आला, मग दिवाळी. न दिलेल्या उत्तराला जितका उशीर होतो तितकं ते जड होत जातं. सुभद्रा बाजाराला यायची बंद झाली, गुडघे दुखतात म्हणून. तिची चौकशीसुद्धा मी केली नाही. चौकशी केली असती तर पत्राचा विषय निघाला असता.

या माघात माझी पुतणी प्राजक्ता नवऱ्याला आणि मुलीला घेऊन पुण्याहून आली. मुलीला समुद्रातले मासे बघायचे होते. "काका, तुम्हीपण चला, तुम्ही तर त्याच्यावर लेख लिहिला होता ना," प्राजक्ता म्हणाली. तिला स्मरणिका मीच पाठवली होती.

मालवणच्या किनाऱ्यावर नारिंगी जाकिटं चढवून आम्ही होडीत बसलो. होडी चालवणारा माणूस तिशीतला, उन्हाने करपलेला. त्याने माझ्या जाकिटाचे पट्टे आवळले, माझ्याकडे दोन क्षण बघितलं आणि म्हणाला, "घट्ट झाला काय, मास्तर?"

तो महादू होता. पूर्वी किनाऱ्यावर एकदोनदा पाहिलेला.

खडपावर सात होड्या होत्या. इंजिनांचा धूर, कुणाच्या तरी मोबाइलवरचं गाणं, पाण्यात तोंड खुपसून तरंगणारी नारिंगी पाठींची माणसं. शेजारच्या होडीने लोखंडी नांगर फेकला. महादूने फेकला नाही. पाण्यावर एक पांढरा प्लास्टिकचा कॅन तरंगत होता, त्याची दोरी त्याने होडीला बांधली. खाली वाळूत सिमेंटचा ठोकळा टाकून ती सोय त्याने स्वतः केली होती.

प्राजक्ताच्या नवऱ्याने पिशवीतून पाव काढला. महादू मराठीत म्हणाला, "साहेब, पाव नको."

"सगळे देतायत की."

"तुम्हाला रोज कोणी फुकट वडापाव दिला तर तुम्ही घरी जेवाल? ह्या माशांचं काम खडकावरचं शेवाळ खायचं. पाव मिळाला की कामावर दांडी मारतात. मग शेवाळ वाढतं आणि प्रवाळ गुदमरतं."

जावई हसला आणि पाव परत ठेवला. "आणि खाली उभं राहायचं नाही," महादू मुलीला म्हणाला. "दगड दिसला तरी तो दगड नाही."

ती तिघं पाण्यात उतरली. होडीत मी आणि महादू उरलो. त्याने फळीखालून एक पेटी काढून माझ्यासमोर ठेवली. लाकडी, तळाला काच. लवूची.

"बघा," तो म्हणाला.

मी बघितलं. मेंदूसारखा एक मोठा ढीग मधोमध फुटलेला होता आणि फुटीवर करडं शेवाळ चढलं होतं. पापुद्र्यांच्या जागी तुकडे पडले होते, फुटक्या कपबशांसारखे, पांढरे. त्यांच्यावर कुणाची तरी पावलं टेकली आणि गाळ उठला. काळ्या पट्ट्यांचे मासे मात्र झुंडीने होते. शेजारच्या होडीतून पडणाऱ्या पावासाठी ते एकमेकांना ढकलत होते. हिरवा मासा दिसला नाही. एका कोपऱ्यात, वाळूच्या बाजूला, हाताच्या पंजाएवढं तपकिरी प्रवाळ अजून जिवंत होतं. मी पेटीला कान लावला. फक्त इंजिन ऐकू आलं.

"लवू कसा आहे?" मी विचारलं.

"बरो आसा म्हणतत. माज्याशी बोलणा नाय. तीन वर्सा झाली. वाटेर गावलो तर माडाकडे बघता, जसा काय माडाक नारळ किती ता मोजता." महादू दोरी उगाच आवळत राहिला. "अपेक्षाचा लगीन आसा वैशाखात. तिका सख्खो भाव नाय. नवऱ्याचो कान पिळूक मीच व्हयो होतंय. लहान आसताना ती माका म्हणा, दादा, असो पिळ की तेना बोंब मारूक व्हयी. आता काका म्हणता, शेजारच्या झिलाक सांगूया."

पेटीची ओली काच मी हाताने पुसत राहिलो.

"चंदनान माका पयल्याच वर्सा सांगल्यान, खूण खंयसून गावली ती," महादू म्हणाला. आवाज चढवला नाही. "तुमी काढलेलो कागद पण दाखवल्यान."

पेटी माझ्या हातात होती. ती खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

"मग तू लवूला का सांगितलं नाहीस?"

"सांगलंय आसतंय तर काय म्हणतो? चोर दुसऱ्याचा नाव घेता. आणि काका तुमका लय मानता. बाजारातसून येवन सांगा, आज मास्तरान ह्या सांगल्यान, त्या सांगल्यान. एक माणूस तेचो गेलोच होतो. दुसरो पण कित्याक?" मग म्हणाला, "मी सांगून पटाचा नाय. तुमी सांगल्यार पटात."

"सांगतो," मी म्हटलं.

"होय तर," महादू म्हणाला, आणि प्राजक्ताच्या मुलीला वर ओढून घ्यायला वाकला. तिच्या मुठीत पांढरा तुकडा होता. महादूने हात पुढे केला, तिने तो मुकाट्याने दिला, आणि त्याने तो पाण्यात सोडून दिला.

"होय तर" हे त्याने विश्वासाने म्हटलं नव्हतं, आणि त्याचं बरोबर होतं. पाहुणे गेले, फाल्गुन लागला, शिमगा झाला, आणि मी अजून कागद समोर घेऊन बसत होतो. देवबागला जाऊन तोंडावर सांगावं असं ठरवून एकदा मालवणपर्यंत एसटीने गेलोसुद्धा. स्टँडवर देवबागची गाडी लागली, भरली, सुटली. मी बाकावरून उठलो नाही. परतीच्या गाडीत मला पहिल्यांदा नीट कळलं की लवूच्या रागाची मला भीती नाही. राग आला तर तो बोलेल आणि संपेल. भीती होती ती, मास्तरान ह्या सांगल्यान, त्या सांगल्यान, असं म्हणणारा जगातला एकुलता एक माणूस गमावण्याची. आणि तेवढ्यासाठी मी त्याचा पुतण्या त्याच्यापासून तीन वर्षं तोडून ठेवला होता.

त्या दुपारी मी वाचनालयात गेलो. नवीन ग्रंथपाल समीक्षा टेबलावर पुस्तकांना कव्हरं घालत होती. स्मरणिकांचं कपाट उघडायला सांगितलं. दीडशेपैकी बहुतेक वाळवीने खाल्ल्या होत्या, धड अशी एकच प्रत निघाली आणि तिच्यावर दाखल क्रमांकाचा शिक्का होता.

मी ती उघडली आणि लेखाची पानं फाडली. सातच्या सात.

समीक्षाच्या हातातली कात्री तशीच राहिली. पान दुमडलं म्हणून मी शाळकरी पोरांना ओरडत असे हे तिने पाहिलेलं. "सर, ती दाखल प्रत आहे," ती हळूच म्हणाली.

"नोंद कर," मी म्हटलं. "फाडणाऱ्याचं नाव घाल."

पानं पाठवणं गरजेचं होतं. नुसतं पत्र गेलं असतं तर लवू म्हणाला असता, मास्तर भला माणूस, पोराला वाचवायला स्वतःवर घेतो. तो तसा आहे. छापलेलं अपेक्षा वाचून दाखवील, खाली माझं नाव आहे, साल आहे. महादू होडीवर कामाला लागण्याच्या आधीचं.

पत्र मी तिथेच लिहिलं, एका पानाच्या आत.

"लवू, महादून खूण सांगूक नाय. मी सांगलंय. आधी छापलंय, ती पाना सोबत आसत, अपेक्षाकडसून वाचून घे. मगे चंदन इलो, तेका जमिनीर बसान तोंडान सांगलंय आणि कागदार काढून दिलंय. तुझा पत्र इला तेव्हा ह्या सगळा माका म्हायत होता. मी भियालंय म्हणान गप रवलंय. महादूक पण म्हायत होता, पण तुका वाईट वाटात म्हणान तो बोललो नाय. खडप मी बघून इलंय. वाळूच्या बाजूक पंजाएवढा प्रवाळ जिता आसा. महादू थंय नांगर टाकणा नाय, तुझ्यासारखोच खडप सांभाळता, वाळूतल्या ठोकळ्याक होडी बांधता. वैशाखात कान तेकाच पिळूक सांग. माका बोलावणा धाडू नको. तुका बोलावचा वाटला तर ती गोष्ट वेगळी."

शेवटची दोन वाक्यं वाचून मी थांबलो. अजूनही स्वतःसाठी थोडी जागा राखून ठेवायची सवय सुटत नव्हती. ती दोन्ही खोडली. खोडलेलं दिसत होतं, तसंच राहू दिलं.

लिफाफ्यात पानं घातल्यावर तो फुगला. पोस्टात मी पेटीत टाकणार होतो, मग वाटलं, पेटीत टाकल्यावर मी इथेच घुटमळत राहीन आणि पोस्टमनला गाठून परत मागेन. मी खिडकीशी गेलो. पोस्टमास्तरने लिफाफा तराजूवर ठेवला, पत्ता वाचला.

"देवबाग. रजिस्टर करायचं?"

"करा."

त्याने तिकिटं चिकटवली, शिक्का मारला, पावती फाडून माझ्यापुढे सरकवली आणि लिफाफा मागच्या पोत्यात टाकला.